अक्काची हातसायकल

अक्का,

तुला जाऊन आज सतरा दिवस झाले. या सतरा दिवसांत ओसरीवर जो जो येऊन बसला, त्यानं थोड्याफार फरकानं एकच सांगितलं. जन्मभर एका जागी बसून होती बिचारी, सुटली. मी प्रत्येकापुढे पाण्याचा तांब्या ठेवला आणि मान हलवली. तू जन्मभर एका जागी बसून नव्हतीस, हे मला ठाऊक होतं. एका दिवाळीपासून पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तू वाशीम गावभर फिरत होतीस, स्वतःच्या हातांच्या बळावर. आणि तुझं फिरणं ज्यानं बंद केलं तो मीच. एवढं कुणापुढे बोलायची हिंमत मला झाली नाही, म्हणून तुला लिहितो आहे. तू वाचलं असतंस तर आधी ऱ्हस्वदीर्घाच्या चुका काढल्या असत्यास.

तू चालायचीस तेव्हाची मला आठवण नाही. रिठदला असताना तुला ताप आला, तेव्हा तू सहा वर्षांची आणि मी दोन. ताप उतरला, पण डावा पाय गेला आणि उजवा नावापुरता उरला. मला आठवतेस ती दोन्ही तळहात भुईवर टेकून, अंग उचलून पुढे सरकणारी. माय होती तोवर ती तुला कडेवर घेऊन फिरायची. ती गेल्यावर आबांनी आपल्याला वाशीमला आणलं. बैलबंड्यांची चाकं करायचं सुतारकाम त्यांना इथं बारमाही मिळायचं. तुझी दुनिया मग ओसरी, स्वयंपाकघर आणि परसदार एवढी झाली.

मी तुला अक्षरं शिकवली, असं मी सगळ्यांना सांगत आलो. खरं असं की मी पाटी घेऊन बसायचो आणि तू समोर बसून आपली आपण शिकायचीस. त्यामुळे पुस्तक उलटं धरलं तरी तुला वाचता यायचं. मोठी झालीस तरी कधी कधी पेपर उलटा धरून मला चिडवायचीस.

आबांनी तुला एका शिंप्याकडून जुनं, हातानं फिरवायचं शिवणयंत्र आणून दिलं. तू झंपर शिवायला लागलीस, लेकरांच्या टोप्या, अंगडी. पेठेतल्या व्यापाऱ्यांच्या घरच्या बाया कापड घेऊन आपल्या दारात यायच्या. त्यांचं दार तू कधी पाहिलं नव्हतंस.

मी अकोल्याला सायकलीचं काम शिकून आलो आणि स्टेशनच्या रस्त्यावर दुकान टाकलं. एक दिवस दुपारी मी घरी चाक घेऊन बसलो होतो, तारा ओढत. तू शिवत होतीस. उजव्या हातानं मूठ फिरवत, डाव्यानं कापड सारत. मध्येच तुझा हात थांबला.

"किसना, मशीन पायानं चालते तसं हातानंबी चालते न?"

"चालते."

"मंग सायकल काहून नाई चालत हातानं?"

मी हसलो. तू हसली नाहीस. "हासू नको. सांग."

मी म्हणालो, "तोल कसा राहीन?"

"तीन चाकं लाव."

एवढंच झालं होतं, अक्का. सगळं त्यातच होतं. मी पुढे जे केलं ती नुसती ठोकपीट.

मी एक जुनी सायकल घेतली. तिचं मागचं अंग कापून टाकलं आणि तिथं लोखंडी आस टाकून दोन चाकं बसवली. सांधे झाळायला युसूफभाई होते. लोहारकामात त्यांचा हात धरणारा तेव्हा गावात कुणी नव्हता. आबांनी पाठ टेकायची लाकडी बैठक केली आणि पाय ठेवायला फळी, दोन्ही बाजूंना पट्टे लावून, म्हणजे पाय घसरून चाकात जायचे नाहीत. पायडलं मी वर आणली, हँडलच्या दांड्यावर, तुझ्या छातीच्या उंचीला. तिथून चेन खाली पुढच्या चाकाला. पायडलांच्या जागी आबांनी घासून गुळगुळीत केलेल्या लाकडी मुठी. त्याच मुठी फिरवायच्या आणि त्यांनीच वळवायचं.

कापसाच्या जिनिंगमागच्या मैदानात सुट्टीच्या दिवशी आपण गेलो. तुला बंडीतून नेलं. पहिल्या दिवशी गाडी सापासारखी वळवळत गेली आणि तू बाभळीच्या कुंपणात पडलीस. मी म्हणालो, पुढचं चाक धरणारा चिमटा वाकडा आहे. चिमटा सरळ केला. पुन्हा तेच झालं. मी म्हणालो, तुझा एक हात जास्त जोर लावतो. तिसऱ्यांदा पडलीस तेव्हा तू धुळीत बसूनच म्हणालीस, "दोन्ही मुठी एकाच अंगाले कर."

सायकलीला एक पायडल वर असतं तेव्हा दुसरं खाली. मी ती तशीच बसवली होती. मी म्हणालो, "असं जगात कुठंच नसते."

"जगाचं मले नको सांगू. मी भुईवर सरकतो तवा माहे दोन्ही हात एकदमच टेकते का नाई? एकाआड एक टेकले तर तोंडावर पडन."

"ते सरकनं झालं. हे यंत्र हाय."

"यंत्र माह्यासाठी हाय न?"

युसूफभाई बाजूला विडी ओढत बसले होते. ते म्हणाले, "किसनभाऊ, बाई सही बोलून राह्यली. एक हात ढकलते, दुसरा ओढते. हँडल फिरनारच."

मी दोन दिवस तुझ्याशी बोललो नाही. तुझी खोड जिरावी म्हणूनच मग मुठी एका अंगाला केल्या. आणि गाडी सरळ गेली. तू अख्ख्या मैदानाला फेरी मारलीस. मी मागे पळत होतो, अर्ध्यातून थांबलो, कारण माझी गरज उरली नव्हती. तू परत आलीस तेव्हा तोंड धुळीनं भरलेलं होतं. मला वाटलं तू रडशील. तू म्हणालीस, "ब्रेक कच्चा हाय."

त्यानंतर गावात जो तो विचारायचा, हे दोन्ही हात एकदम फिरवायचं कोणाला सुचलं. मी म्हणायचो, विचार करून काढलं. एकदा हायस्कुलातले एक मास्तर गाडी पाहायला आले. तू गाडीवरच बसली होतीस. त्यांनी माझी पाठ थोपटली आणि मी त्यांना सांगितलं की याच्यावर मी दोन महिने डोकं घातलं. तू चेनकडे पाहत राहिलीस. घरी आल्यावरही काही बोलली नाहीस. तुझ्या गप्प बसण्याची मला तिथंच सवय लागली असावी.

ते महिने तू कसे काढलेस ते मला आता आठवून आठवून पाहावं लागतं, कारण तेव्हा मी नीट पाहिलंच नाही. तू बाजारात जाऊन स्वतः दोरा निवडलास. घरी येऊन म्हणालीस की निळ्या रंगाचे सात प्रकार असतात आणि मी तुला आजवर एकच आणून देत होतो. आगगाडीच्या वेळेला स्टेशनवर जाऊन थांबायचीस, कोण चढतं, कोण उतरतं पाहत. पद्मतीर्थ तळ्याच्या काठाला जाऊन बसायचीस. पेठेतल्या जैन शेठजींच्या घरी झंपर द्यायला गेलीस, तर त्यांच्या बाईंनी पाट टाकून तुला ओसरीवर घेतलं. त्यांच्या माजघरात भिंतीवर आरसा किती मोठा आहे ते तू आबांना दोन्ही हात पसरून दाखवलंस.

लोक हसायचे. लेकरं मागे पळायची. चौकात पारावर बसलेली माणसं काही ना काही बोलायची. तू ऐकायचीस आणि पुढे जायचीस. ऐकून कान तापायचे ते माझे. मैदानात मला तुझा अभिमान वाटला होता. बाजारात मी दुसरीकडे पाहायला लागलो. एकदा तू दुकानासमोरून जाताना हाक मारलीस, "किसना, डबा खाल्ला का?" दुकानात एक गिऱ्हाईक होतं, बाहेरगावचं. त्यानं विचारलं, "कोन हाय हो थे?" मी म्हणालो, "गाडी आपनच बनवली." गाडी आपणच बनवली, एवढंच. बहीण आहे, असं मी म्हणालो नाही. तू थोडी थांबलीस आणि मूठ फिरवून निघून गेलीस. ऐकलं होतंस की नाही, ते मी तुला कधी विचारलं नाही. आता विचारता येत नाही.

मग माझं लग्न निघालं. मानोऱ्याकडचं स्थळ. मध्यस्थी करणारा आबांचा एक चुलतभाऊ होता. तो दारात येऊन गाडीकडे पाहून म्हणाला, "पाव्हणे येतीन तवा हे दिसू देऊ नका. म्हन्तीन घरान्यातच खोट हाय. लेकराबाळांत उतरन." आबा रंधा मारत राहिले. त्यांनी मला सांगितलं असतं तर आज मला थोडं हलकं वाटलं असतं. कुणी सांगितलं नाही. मी आपणहून तुझ्याकडे आलो.

तू सुईत दोरा ओवत होतीस.

"अक्का, दोन दिवस गाडी दुकानात ठेवतो."

"बरं." दोरा ओवून झाला. मग तू विचारलंस, "अन् मले कुठं ठेवतं?"

मी म्हणालो, "मांगच्या खोलीत. थोडाच येळ."

"बरं," तू म्हणालीस.

पाहुणे आले. जेवले, आबांच्या हातच्या कामाची तारीफ केली. त्यांनी घरात कोण कोण आहे असं विचारलं तेव्हा त्या चुलत्यानं सांगितलं, एक मोठी बहीण आहे, जरा आजारी असते. मी तिथं बसलो होतो, समोर पानाचं तबक होतं, आणि मी सुपारी कातरत राहिलो. मागच्या खोलीतून काही आवाज आला नाही. तू खोकलीससुद्धा नाहीस.

दोन दिवसांचं मग लग्नापर्यंत झालं. लग्नानंतर मिरगाचा पाऊस लागला. काळ्या मातीत चाकं रुततील म्हणालो, आणि ते खरंही होतं. पोळा झाला, दसरा झाला, रस्ते सुकले, आणि मी काहीच म्हणालो नाही. त्याच सुमारास एका गिऱ्हाईकाला चाकं हवी होती. दुकानात दुसरी होती, अक्का. मागवलीही असती. पण मला ती गाडी समोर नको झाली होती. रोज दुकान उघडलं की ती मला दिसायची.

आस सोडवायला मी युसूफभाईंना बोलावलं. ते दारातच उभे राहिले. म्हणाले, "जोडायले मी होतो. खोलायले मले नको बोलवू." मग मी एकट्यानं खोलली. एक झाळ सुटेना, तर छिन्नी लावली. बैठक आबांनी घरी आणली आणि धान्याच्या कणगीमागं ठेवली. तू ती पाहिलीस. त्या दिवशी जेवताना तू मला विचारलंस, "दुकान बरं चाललं न?"

अकरा वर्षं तू एवढंच विचारत आलीस.

त्या वर्षांत माझी लेकरं तुझ्या मांडीवर वाढली. त्यांच्या खोडी तू झेललीस. माझ्या बायकोचं, यमुनेचं, तुझ्याशी इतकं जमलं की दुपारी तुम्ही दोघी बोलत बसलात की मला परकं वाटायचं. मी स्वतःला समजावलं की अक्का सुखात आहे. यंत्र चालू आहे, घर भरलेलं आहे, आणखी काय पाहिजे. आबा जाताना माझ्याकडे पाहून काहीतरी म्हणायला गेले आणि थांबले. मी तेही सोडून दिलं.

महायुद्धाच्या दिवसांत टायर मिळेनासे झाले तेव्हा जऊळक्याचा एक माणूस आपल्या घरी आला. त्याचा भाऊ त्याला बंडीतून घेऊन आला होता. विहिरीच्या कामावर कंबरेवर दगड पडून त्याचे दोन्ही पाय गेले होते. त्याला कुणीतरी सांगितलं होतं की वाशीमला एक बाई पूर्वी हातानं सायकल चालवायची. ओसरीवर बसून तो माझ्या तोंडाकडे पाहत होता. आत तुझं यंत्र चालू होतं.

मी म्हणालो, "केलं होतं एकदा. पन जमलं नाई."

यंत्र थांबलं. मग त्या माणसाला त्याच्या भावानं उचललं आणि ते गेले. संध्याकाळी ताटावर बसलो तेव्हा तू म्हणालीस, "जमलं होतं."

मी म्हणालो, "आता टायर कुठं मिळते."

"मी टायरचं नाई बोलून राह्यली."

आपला शेवटचा वाद तो. तो तिथंच राहिला. मी पाणी प्यालो आणि उठलो.

या वर्षी तुझ्या छातीनं दगा दिला. शेवटचे आठ दिवस मी तुझ्या खाटेशी बसून होतो. रोज ठरवायचो की आज बोलायचं. एका सकाळी तुला जरा बरं होतं, उशाला टेकून बसली होतीस, यमुना आंघोळीला गेली होती. मी म्हणालो, "अक्का." तू पाहिलंस. आणि मला जे सांगायचं होतं त्याच्याऐवजी मी तुलाच विचारलं, "तुले काही सांगायचं हाय का?" तू बराच वेळ माझ्याकडे पाहिलंस. बोलायची माझी पाळी आहे हे तुला कळलं होतं आणि तू मला वेळ देत होतीस, असं मला आता वाटतं. मी पायाकडची गोधडी सारखी करत बसलो. मग तू म्हणालीस, "मशीनले तेल घालत जा." दुसऱ्या दिवशी तू गेलीस.

तेराव्याला युसूफभाई आले. आता त्यांना नीट दिसत नाही, नातवाच्या खांद्यावर हात ठेवून आले. लोक बसले होते, तेच ते बोलत होते. युसूफभाई माझ्याजवळ बसले आणि म्हणाले, "त्यायची गाडी लय सीधी चालायची." ओसरीवरच्या कुणाला काही समजलं नाही. मला तिथं बसवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कणगीमागून ती बैठक काढली, झटकली आणि अंगणात ठेवली. दुकानातून एक जुनी सायकल आणली. जऊळक्याला निरोप पाठवला. तो माणूस आहे की नाही, त्याला अजून गाडी हवी आहे की नाही, मला माहीत नाही. मुठी दोन्ही एका अंगाला ठेवून मी मापं घेत होतो, तेवढ्यात यमुना सूप घेऊन धान्य पाखडायला आली आणि माझ्यामागं उभी राहिली.

"तशीच करू राह्यले न, अक्काच्या गाडीसारखी?" ती म्हणाली.

मी वर पाहिलं. "तुले काय माईत?"

"मी पाह्यली होती. लग्नाच्या आंधी. मामासंगं वाशीमच्या बाजारात आल्ती बांगड्या भराले. एक बाई दोन्ही हातानं गाडी हाकत गेली. मामानं सांगतलं, सायकलवाल्याची बहीन हाय. तिच्याच भावानं करून देल्ली." ती बैठकीच्या लाकडावरून हात फिरवत होती. "मंग तुमचं स्थळ आलं तवा बापाच्या मनात नव्हतं. मीच म्हनलं, तिथंच द्या. जे लोक पाय गेलेल्या बहिनीले फिरायले गाडी करून देतात, ते मले बरं पाह्यतीन."

मी विचारलं, "मंग एवढ्या वर्सांत कधी इचारलं नाई?"

"इचारलं न. अक्काले. आल्यावर आठ दिवसांत. त्या म्हनल्या, मोडली. उतारावर आपटली. म्हनल्या, किसनाच्या मनाले लय लागलं हाय, त्याच्यापाशी हे काढू नको."

त्या आठ दिवसांत गाडी दुकानात उभी होती, अक्का. चाकं जागेवर होती, चेनला तेल होतं. तुला ते माहीत होतं.

मी यमुनेला सांगितलं. सगळं, त्या दोन दिवसांपासून. तिच्याच माहेरची माणसं येणार म्हणून गाडी लपवली, मग खोलली, छिन्नी लावून. मुठी एका अंगाला करायचं अक्काचं होतं, माझं नाही, तेही सांगितलं. ती उभी राहून ऐकत होती. माझं झाल्यावर तिनं सूप उचललं आणि धान्य न पाखडताच आत गेली.

त्याला आज तीन दिवस झाले. ती ताट वाढते, पाणी ठेवते, लेकरांकडून निरोप देते. माझ्याशी बोलत नाही. मी तिची समजूत काढायला गेलो नाही. तू अकरा वर्षांत एकदाही रागावली नाहीस, आणि तुझ्या त्या न रागावण्यावर मी माझा संसार निवांत केला. आता या घरात तुझ्या बाजूनं कुणीतरी माझ्यावर रागावलं आहे. ते थांबू नये असं मला वाटतं.